सर्व्हर माळ्यावर, चावी कुणाच्या खिशात?

पत्र :

"सप्रेम नमस्कार. शाहूपुरीत आमच्या ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे, मी त्याचा खजिनदार. पोटापाण्याला शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. चौदा माणसं, प्रायव्हेट लिमिटेड. ट्रस्टच्या ऑफिसातला सर्व्हर २०१९ च्या पुरात टेबलावर ठेवूनही भिजला. दुसरा घेतला, तो २०२१ ला वेळेत माळ्यावर चढवला म्हणून वाचला. आता त्याचंही वय झालंय. त्यात विंडोज सर्व्हर २०१६ आहे. नवीन घ्यायचा तर कोटेशन २,८५,००० रुपये, जीएसटी धरून, आणि पहिल्या वर्षानंतर देखभालीचे वर्षाला २४,०००. त्याच व्हेंडरनं दुसरं कोटेशन दिलंय : क्लाउड सर्व्हर, महिना ९,५०० अधिक जीएसटी. आमचे अध्यक्ष आबा म्हणतात, परक्याच्या गोठ्यात आपली म्हैस कशाला बांधायची? धाकट्या विश्वस्त ताई पुण्यात नोकरीला आहेत, त्या म्हणतात, आता सर्व्हर विकत कोण घेतं? ट्रस्टकडे सहा कॉम्प्युटर, टॅली, देणगीदारांची यादी, मुलींच्या फायली आणि पंचवीस वर्षांचे फोटो, सगळं मिळून ६०० जीबी. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग, मशीनचे प्रोग्राम आणि तिघांची टॅली. टॅली मी रात्री घरूनही बघतो, व्हेंडरनं तशी सोय करून दिलीय. दोन्हीकडे एकच निर्णय घ्यावा म्हणतो, म्हणजे एकाच माणसाकडून काम होईल. काय करू? ता. क. जुन्या सर्व्हरला भंगारवाला ८०० रुपये देतोय. देऊन टाकू का?"

एक खजिनदार, कोल्हापूर

खजिनदार साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन कोटेशनं आहेत, पण मला त्यांच्यापेक्षा महाग पडेल असं वाटलं ते 'दोन्हीकडे एकच निर्णय' हे वाक्य. वसतिगृह आणि मशीन शॉप यांच्यात साम्य एवढंच की दोन्हींच्या चेकवर तुमची सही असते. म्हणून आधीच सांगून टाकतो. ट्रस्टनं सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवणारा मधला कॉम्प्युटर, घेऊ नये, विकतही नको आणि भाड्यानंही नको. वर्कशॉपनं फायलींचा स्वतःचा डबा जागेवर ठेवावा आणि त्याची एक प्रत रोज रात्री बाहेर पाठवावी. आता हे का, ते सविस्तर.

पहिल्यांदा आबांचा गोठा. क्लाउड म्हटलं की आभाळात काहीतरी तरंगतंय असं वाटतं, आणि व्हेंडर मंडळी तो गैरसमज खोडत नाहीत. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतलं दुसऱ्याचं मशीन. ॲमेझॉननं २०१६ साली मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' नावाचं केंद्र २०१५ पासून चक्क पुण्यात आहे. तेव्हा म्हैस फार लांब जात नाही. पुणे-बेंगळुरू हायवेनं गेलं तर साडेचार तासांवर असते.

हायवे म्हटला की आपल्याकडच्या माणसाला ऑगस्ट २०१९ आठवतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद राहिला, आणि पुरात अडकलेल्या भागांत वीज नव्हती. २०२१ च्या जुलैत परत तेच. तुम्ही सर्व्हर माळ्यावर चढवलात, शाबास. पण मला सांगा, ते आठ-दहा दिवस त्या सर्व्हरचा उपयोग काय झाला? वीज नाही म्हणजे तो माळ्यावरचा पितळी हंडा. डेटा सुरक्षित होता आणि कुणाच्या कामाचा नव्हता.

वसतिगृहाच्या बाबतीत हाच मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. पाणी चढायला लागलं की मेट्रनना नेमकं काय लागतं? टॅली लागत नाही, ताळेबंद लागत नाही. लागतात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीतल्या पालकांचे फोन नंबर, कोणत्या मुलीला दमा आहे, कोण कोणत्या नातेवाइकाकडे जाऊ शकते ही यादी. ती जर ऑफिसातल्या मशीनमध्ये असेल आणि ऑफिसात गुडघाभर पाणी असेल, तर सहा कॉम्प्युटर असून ट्रस्ट आंधळा. तीच यादी क्लाउडवर असेल तर मेट्रन रुईकर कॉलनीत बहिणीच्या घरी बसून मोबाइलवर उघडतील. (कागदावर छापलेली एक प्रत त्यांच्या पर्समध्येही असू द्या. मोबाइलचे टॉवरही पुरात माना टाकतात.)

आता पैसे. आबांना आकडे दाखवा, कारण आकड्यांत आबा बरोबर आहेत.

स्वतःचा सर्व्हर : २,८५,०००. पहिलं वर्ष वॉरंटीचं, पुढच्या चार वर्षांची देखभाल ९६,०००. असं मशीन साधारण दीडशे वॉट खात रात्रंदिवस चालू राहतं, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट, वर्षाला तेराशेच्या वर. युनिटला दहा रुपये धरले तर पाच वर्षांत पासष्ट हजार. मध्ये एकदा यूपीएसच्या बॅटऱ्या. एकूण साडेचार लाखांच्या आसपास.

भाड्याचा सर्व्हर : साठ महिने गुणिले ९,५०० म्हणजे ५,७०,०००. वर १८ टक्के जीएसटी, १,०२,६००. एकूण ६,७२,६००. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी व्हेंडर सांगत नाहीत. वर्कशॉपला हा जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो. वसतिगृह जीएसटी भरत नसेल तर ट्रस्टला मिळत नाही, तो थेट खर्च. त्यामुळे तेच कोटेशन तुमच्या एका खिशाला ५.७ लाखांचं आणि दुसऱ्या खिशाला पावणेसात लाखांचं आहे. 'एकच निर्णय' इथेच मोडला.

चोवीस तास भाडं आणि काम दिवसाचे आठ तास, म्हणून भाड्याचा सर्व्हर महाग पडतो. लग्नासाठी हॉल वर्षभर बुक केल्यासारखं. मग ताई चुकल्या का? त्याही बरोबर आहेत, फक्त व्हेंडरनं त्यांच्या म्हणण्याचं भलतंच भाषांतर केलं. ताईंनी 'क्लाउड' म्हटलं, त्यानं तोच जुना सर्व्हर दुसऱ्याच्या इमारतीत ठेवून भाडं लावलं. त्या सर्व्हरचा पासवर्ड, अपडेट, बॅकअप, सगळं तुमच्याच गळ्यात. दोन्ही कोटेशनांत विकलाय सर्व्हरच. ट्रस्टला तो लागतो का, हे कुणी विचारलंच नाही.

तुमच्या यादीकडे बघा. टॅली ट्रस्टमध्ये चालवतं कोण? एक अकाउंटंट, आणि मार्चनंतर सीएंचा माणूस. बाकी सगळं पत्रं, याद्या, अर्ज, फोटो. म्हणजे फायली. फायली ठेवायला आणि चारजणांना मिळून वापरायला सर्व्हर लागत नाही. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना गूगल आपली ऑफिसची सेवा, म्हणजे ईमेल, ड्राइव्ह (फायलींचं क्लाउडवरचं कपाट), याद्या-पत्रं वगैरे, फुकट देतं. त्याला गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स म्हणतात आणि भारतातल्या ट्रस्टला ते मिळतं. कागदपत्रं तपासतात, थोडा वेळ लागतो, एवढंच. मायक्रोसॉफ्टचीही अशी योजना आहे. पण फुकटाचा भरवसा किती धरायचा तेही ऐका : मायक्रोसॉफ्ट संस्थांना आपलं बिझनेस प्रीमियम दहा जणांपर्यंत मोफत देत होतं, ते जुलै २०२५ पासून नव्यानं आणि नूतनीकरणाला देणं बंद केलं. साधं, ब्राउझरमध्ये चालणारं मोफत ठेवलं, भारी तेवढ्याला सवलतीचा दर लावला. ज्या संस्थांनी सगळा संसार त्यावर मांडला होता त्यांना बजेट परत मांडावं लागलं. म्हणून फुकट घ्या, जरूर घ्या, पण तीन महिन्यांतून एकदा सगळं उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. तशी सोय ॲडमिनला दिलेली असते. उद्या दुकान बदलावं लागलं तर गाठोडं आपल्याकडे पाहिजे. शिवाय ड्राइव्हवरून कुणी चुकून पुसलेली फाईल कचरापेटीत तीस दिवसच राहते. आपल्याकडे चूक लक्षात येते ती ऑडिटला, म्हणजे अकरा महिन्यांनी.

टॅली अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवरच राहू दे. रोज संध्याकाळी टॅलीतूनच बॅकअप काढायचा आणि ती फाईल ड्राइव्हवर टाकायची. एक चूक मात्र करू नका, जी हुशार मुलं हमखास करतात : टॅलीचा चालू डेटा फोल्डरच ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या, म्हणजे बदल आपोआप वर पाठवणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवणं. टॅली लिहितेय आणि त्याच वेळी सिंक तीच फाईल उचलतोय, अशा ओढाताणीत डेटा बिघडतो. बॅकअप फाईल वर पाठवा, चालू वही खालीच.

फोटोंचं एक गणित. ६०० जीबी वर पाठवायला वीस एमबीपीएसच्या अपलोडला सलग सदुसष्ट तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. रात्री आठ तास आणि मधली तुटातूट धरली तर दहा-बारा रात्री जातील. घाई काय आहे? पंचवीस वर्षांत १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाचे एकसारखे शंभर शंभर फोटो असणार. कुणा माजी विद्यार्थिनीला सुट्टीत बसवा, चाळून घ्या, मग पाठवा. दोन हार्ड डिस्कवर मूळ प्रती ठेवा, एक ऑफिसात, एक आबांच्या घरी. आबांचं घर पूररेषेच्या बाहेर असेल असं धरतोय.

आता ज्यासाठी मी हे पत्र सदराला निवडलं, ती गोष्ट. म्हैस कुणाच्या गोठ्यात आहे याची आबांना काळजी, पण दावं कुणाच्या हातात आहे?

माझ्या ओळखीच्या एका संस्थेनं सगळं क्लाउडवर नेलं होतं. हौशी, तरुण स्वयंसेवकानं एका रविवारी बसून करून दिलं. त्याच्या स्वतःच्या जीमेलवरून, त्याच्याच मोबाइल नंबरवर. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला, इथला नंबर बंद केला, आणि दोन वर्षांनी कुठल्याशा कारणानं कंपनीनं ओळख पटवायला कोड मागितला. कोड गेला बंद नंबरवर. मुलगा सज्जन, फोनवर रडकुंडीला आला, पण त्यालाही आत जाता येईना. डेटा होता, कंपनी चालू होती, वीज होती, पाणी पुराच्या पातळीखाली होतं आणि संस्था स्वतःच्या दारात उभी. ते खातं परत मिळवायला मला आणि त्यांच्या सेक्रेटरींना सात आठवडे लागले. तो स्वयंसेवक म्हणजे कोण, असं नंतर एका विश्वस्तांनी विचारलं तेव्हा लक्षात आलं की नव्या कमिटीतल्या निम्म्या लोकांनी त्याला बघितलंही नव्हतं.

संस्था माणसांपेक्षा जास्त जगतात, निदान आपल्या गावात तरी. शाहू महाराजांनी १९०१ पासून उभी केलेली बोर्डिंगं आजही चालू आहेत. कमिट्या बदलतात, खजिनदार बदलतात, तुम्हीही बदलाल. म्हणून पहिलं काम : संस्थेच्या नावानं डोमेन घ्या, म्हणजे इंटरनेटवरचा संस्थेचा पत्ता. बिल संस्थेच्या नावावर, पैसे संस्थेच्या खात्यातून, एकदम पाच वर्षांचे भरून टाका. डोमेनचं नूतनीकरण चुकलं की ईमेल बंद, आणि ईमेल बंद की सगळ्याच्या चाव्या बंद. मग ॲडमिन दोन नेमा, एक ताई आणि एक ऑफिसातलं कुणीतरी. दोघांनाही दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आपत्कालीन कोड छापून पाकिटात घाला, पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये. आणि सभेत रीतसर ठराव करा. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात कलम २२ चा बदल अर्ज देता ना? त्याच फायलीत एक कागद वाढवा, 'ॲडमिन बदलला, जुन्याचा प्रवेश बंद केला'. व्हेंडरला ॲडमिन करू नका. सुताराला दार बसवायला बोलावतो, चावी त्याच्याकडे ठेवायला देत नाही.

मुलींच्या फायलींबद्दल दोन शब्द. डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. अठरा वर्षांखालच्या मुलीची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. वसतिगृहाला कुणी एवढा लावणार नाही, पण कायदा गमतीत घेऊ नका. माहिती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली म्हणून जबाबदारी कमी होत नाही आणि क्लाउडवर ठेवली म्हणून कंपनीवर ढकलता येत नाही, ती ट्रस्टचीच राहते. माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुरक्षा म्हणजे नको ती माहिती न ठेवणं. २००५ साली पास होऊन गेलेल्या मुलीच्या आधाराची झेरॉक्स स्कॅन करून... अहो, २००५ ला आधारच नव्हतं, पण तुम्हाला मुद्दा कळला. जिथं चालतं तिथं आकडे झाकलेलं आधार घ्या, काम झालेलं काढून टाका. हिशेब मात्र काढू नका. धर्मादाय ट्रस्टसाठी २०२२ साली आलेल्या आयकर नियमानं वह्या दहा वर्षं सांभाळायला सांगितल्या. त्या डिजिटल असल्या तरी चालतात. तुमच्या सीएंकडून आजची स्थिती विचारून घ्या.

चला, शिरोलीला जाऊ.

वर्कशॉपचं उत्तर उलटं आहे कारण तिथलं काम जड आहे आणि जागेवर होतं. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, जॉब लावलाय, ऑपरेटरला प्रोग्राम हवाय, आणि रस्त्यावर कुणाच्या तरी जेसीबीनं फायबर तोडली. प्रोग्राम क्लाउडवर असेल तर मशीन उभं. तासाला मशीनचा दर काय पडतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मोठी असेंब्ली ड्रॉइंग दिवसातून चाळीस वेळा उघडायची-बंद करायची तर ती भिंतीपलीकडच्या डब्यातून यावी, पुण्याहून नको. तेव्हा वर्कशॉपमध्ये दोन डिस्कचा नॅस घ्या. नॅस म्हणजे नेटवर्कवर बसणारी, स्वतःचा छोटा मेंदू असलेली हार्ड डिस्कची पेटी. डिस्कसकट पाऊण लाखाच्या आत बसावी. २,८५,००० च्या सर्व्हरची तिथेही गरज नाही. तिघांची टॅली एका बऱ्या कॉम्प्युटरवरून चालते.

मात्र दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका. एकीवर फाईल पुसली की दुसरीवर त्याच क्षणी पुसली जाते. ती व्यवस्था डिस्क मेली तर काम थांबू नये म्हणून. चूक, चोरी, आग, पूर आणि खंडणीचा व्हायरस यांच्यासाठी वेगळी प्रत लागते, वेगळ्या जागी.

आणि तुम्हाला इथे पर्याय नाहीच, कारण तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमात ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली : हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्याचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर, रोजच्या रोज. आधी 'ठरावीक कालावधीनं' होतं, ते 'रोज' झालं. त्यामुळे थोडा क्लाउड तुम्हाला घ्यावाच लागेल. घेताना केंद्र मुंबई, पुणे किंवा हैदराबादचं निवडा, सिंगापूर पंचवीस रुपयांनी स्वस्त दिसलं तरी. रात्री फक्त बदललेल्या फायली जातील अशी मांडणी करा, जाण्याआधी कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करा, आणि त्याची किल्ली नॅसच्या बाहेर, कागदावर. ग्राहक कंपन्यांशी गोपनीयतेचा करार केला असेल तर त्यांची ड्रॉइंग बाहेर पाठवायला चालतील का, ते करारात वाचा. चालत नसतील तर तेवढ्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर, घरी, कपाटात.

आता घरून टॅली बघायची ती सोय. पत्रात एवढंसं वाक्य आहे, पण ते वाचून मला घाम फुटला. बहुतेक ठिकाणी ही 'सोय' म्हणजे राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, जगासाठी उघडा ठेवलेला असतो. जगभरातले प्रोग्राम रात्रंदिवस असे उघडे पोर्ट हुडकत आणि पासवर्ड लावून बघत असतात. एक बसला की सकाळी सगळ्या फायली कुलूपबंद आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्कही त्यातच जाते. व्हेंडरला आज फोन करून एवढंच विचारा, "पोर्ट उघडा आहे का व्हीपीएन आहे?" उत्तराला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पोर्ट उघडा आहे. व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्यासाठीची कुलूपबंद वाट, लावून घ्या, नाहीतर टॅलीचीच ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघायची सोय वापरा. रात्री तुम्ही एंट्री मारत नसाल, येणं बाकी बघत असाल. त्याला तेवढं पुरतं.

आबांची शेवटची शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण ते सभेत काढणारच : उद्या कंपनीनं नळ बंद केला तर? शंका खुळी नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपियन संघाच्या निर्बंधांचं कारण देऊन मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जी या आपल्याकडच्या तेल कंपनीची सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्या ग्राहकांची दुसरीकडे प्रत नव्हती त्यांचं कायमचं गेलं. पण मग त्यांना हेही सांगा की सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारच्या स्वतःच्या डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टीबीचा साठा जळाला. आकार फार मोठा म्हणून बाहेर प्रतच ठेवली नव्हती. गोठा परका असो की घरचा, एकाच गोठ्यावर विसंबलेला बुडाला.

आणि प्रत आहे म्हणजे ती चालते असंही नाही. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका व्यापाऱ्याकडे मी रोजच्या बॅकअपची व्यवस्था लावून दिली होती. मुनीमजी इमानेइतबारे रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह लावायचे, 'कॉपी झाली' वाचायचे, पेनड्राइव्ह देवघरात ठेवायचे. दोन वर्षांनी डिस्क मेली. मी रुबाबात पेनड्राइव्ह लावला. आत प्रत्येक तारखेची एक फाईल, दोन केबीची. दोन वर्षं रोज आम्ही डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचा बॅकअप घेत होतो. म्हणजे घराचा नव्हे, घराकडे बोट दाखवणाऱ्या पाटीचा. व्यापारी भला माणूस, त्यानं मला चहा पाजला आणि मग तीन महिने कागदी बिलांवरून एंट्र्या मारून घेतल्या. दर रविवारी मी तिथे होतो, अर्थात फुकट.

तेव्हापासून माझा नियम असा की बॅकअप परत उतरवून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅली उघडून, एखाद्या पार्टीचं खातं बघितल्याशिवाय बॅकअप झाला म्हणायचं नाही. वर्षातून दोनदा करा. एकदा मृग लागायच्या आधी, आणि एकदा दिवाळीत वहीपूजनाच्या आदल्या दिवशी, नाहीतरी त्या दिवशी कॉम्प्युटर पुसायला काढताच. ट्रस्टमध्ये हे आबांच्या समोर करा. त्यांना पडद्यावर त्यांच्या वडिलांच्या नावच्या ठेवीची एंट्री क्लाउडवरून परत आलेली दिसली की गोठ्याचा विषय बराच निवळेल, असा माझा अंदाज आहे.

कामाला क्रम लावायचा तर आज पोर्ट. या महिन्यात डोमेन आणि नॉनप्रॉफिटचा अर्ज. पालकांचे नंबर आणि मुलींची आरोग्याची यादी पावसाळ्याआधी वर. फोटो सगळ्यात शेवटी. जुना सर्व्हर लगेच बंद करू नका, तीन महिने शेजारी चालू ठेवा, काहीतरी राहिलेलं नक्की आठवेल. त्याहून फार जास्त लांबवूही नका, कारण सर्व्हर २०१६ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२७ पर्यंतच आहेत.

राहिला भंगारवाला. सर्व्हर द्या, डिस्क देऊ नका. नुसतं फॉरमॅट मारून दिलेल्या डिस्कमधून फायली परत काढणं अवघड नसतं, आणि त्यात पंचवीस वर्षांत राहून गेलेल्या मुलींची नावं, पत्ते, फोटो आहेत. डिस्क काढून शिरोलीला न्या. तुमच्याकडे ड्रिल मशीन आहेच. दहा एमएमचं बिट लावा आणि आरपार तीन-चार भोकं पाडा, मधल्या स्पिंडलच्या बाजूला, जिथे चकत्या असतात तिथे. चष्मा घाला, काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात. मग डबा ८०० ला द्यायला हरकत नाही. आतली रॅम काढून ठेवली तर वेगळे पैसे येतील, ते त्याला सांगू नका.